स्टेशनच्या मागच्या भिंतीला खिडक्या किती होत्या?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका हॉबी प्रदर्शनातल्या छोट्या रेल्वेचा फोटो आला होता, चांगला मोठा, रंगीत. खाली ओळ होती 'डेक्कन क्वीन घाटातून धावताना'. आणि फोटोत बघावं तर गाडीच्या मागे डोंगर, डोंगराच्या डोक्यावर बर्फ, उतारावर नाताळची झाडं आणि पायथ्याला लाकडी पट्ट्यापट्ट्यांची जर्मन घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. खंडाळ्याला पाऊस पडतो, धुकं पडतं, दरडी पडतात, पण बर्फ पडलेला मी तरी आजवर ऐकला नाही. आधी हसले, मग चहा होईपर्यंत परत परत तो फोटो बघितला आणि म्हटलं आता लिहायचंच.

ज्यांनी तो लेआऊट, म्हणजे रूळ, डोंगर, गाव असा सगळा मांडलेला देखावा, केलाय त्यांना नावं ठेवायला हे पत्र नाही हं. गाडी छान होती, आणि खरं सांगायचं तर मीही पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं. मी मिरजेत डेंटल लॅब चालवते, कवळ्या आणि कॅप करायचं काम, हाताला बारीक कामाची सवय. दहा-बारा वर्षांपूर्वी भाच्यासाठी म्हणून एक छोटी ट्रेन आणली, भाचा आठ दिवसांत कंटाळला, मी नाही कंटाळले. तेव्हा ट्रेनबरोबर जे घराचं किट मिळालं ते जर्मन, मी ते जोडलं आणि त्याच्यापुढे 'मिरज' अशी पाटी लावून मोकळी झाले. माझ्या आईनं बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं घर गं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याचं कारण साधं आहे. तिकडे फालरसारख्या कंपन्या १९४६ पासून घरांची, स्टेशनांची किट काढतायत, डबा उघडा, तुकडे चिकटवा, संध्याकाळपर्यंत गाव तयार. आपल्याकडच्या स्टेशनचं किट असं सहज दुकानात मिळत नाही. मग माणूस मिळेल ते आणतो आणि आपली गाडी दुसऱ्याच्या देशात फिरवतो. पण इंजिन स्वतः घडवणं अवघड आहे म्हणून विकत आणलं तर समजू शकते, डोंगर, झाडं, भिंती, कौलं, यातलं काहीही घडवणं अवघड नाही. पसारा होतो आणि वेळ लागतो, बाकी काही नाही.

आता थोडं गणित सांगते, कंटाळू नका, यातच सगळी गंमत आहे. सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, १:८७. त्यात दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या अंतरावरून काढलंय. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ नी भागलं की १९.३ येतात. म्हणजे आपला डबा मापात बरोबर केला तरी बाजारातल्या रुळावर तो जाड्या माणसानं पोराच्या सायकलवर बसावं तसा दिसतो. काहीजण १:१०० धरतात, मग रूळ जमतो, पण माणसं, बैलगाड्या, दारं, सगळंच वेगळ्या मापात करत बसावं लागतं. मी यात दोन वर्षं घालवली आणि मग एक दिवस लॅबच्या बिलाच्या पाठीमागे सहज एक भागाकार केला, ७६२ भागिले ८७. उत्तर आलं ८.७६. आणि एन नावाच्या लहान मापाचा जो तयार रूळ मिळतो तो असतो बरोबर ९ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरचा फरक, तो माझ्या कवळ्यांतसुद्धा कुणाला कळत नाही.

७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट, म्हणजेच आपली बार्शी लाईट. सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या वाचकांना हे नाव वेगळं सांगायला नको, पण तुमचा पेपर पुण्या-मुंबईतही जातो म्हणून सांगते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ही छोटी रेल्वे उभी केली, १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे, मग १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये आमच्या मिरजेला. माझ्या लहानपणी मिरजेत तिन्ही मापाचे रूळ होते, पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे ही आमची धाकटी. आषाढीला तिच्या टपावरसुद्धा माणसं बसलेली असायची आणि आई आम्हाला त्या गर्दीत हात सोडू द्यायची नाही. विदर्भातल्या लोकांची शकुंतला पण ह्याच अडीच फुटाची बरं का, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, म्हणजे त्यांनाही हेच गणित लागू.

२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत बार्शी लाईटचं सगळं ब्रॉडगेज झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून जी पाण्याची गाडी गेली ती ह्याच वाटेनं गेली, जुन्या नॅरोगेजवर ते काम जमलं नसतं. पण रूळ बदलताना रुळाच्या बाजूचंही सगळं गेलं. लहान दगडी स्टेशनं, मालधक्के, पाण्याच्या टाक्या, फाटकाजवळच्या गुमट्या, रुळाचे तुकडे उभे पुरून केलेली कुंपणं, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचाच तुकडा. काही पाडलं, काही नुसतं पडलं. इंजिनं कुठेतरी रंगवून चौथऱ्यावर ठेवलेली दिसतात, इंजिन सगळ्यांनाच आवडतं. गुमटी कोण चौथऱ्यावर ठेवणार?

म्हणून मी ठरवलं की करायचं तर मामाच्या गावाचं स्टेशन करायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते शेवटी सांगते.

माझा लेआऊट सहा फूट बाय दोन फूट, जुन्या दिवाणाचं प्लायवूड. म्हणजे खऱ्या जगातली १५९ मीटर लांब आणि ५३ मीटर रुंद एवढी जागा, त्यात स्टेशन, लूप लाईन (दुसरी गाडी थांबायची बाजूची लाईन), मालधक्का, एक मोरी (ओढ्यावरचा छोटा पूल) आणि थोडं रान. खरं यार्ड ४०० मीटर असलं तर ते या मापात साडेचार मीटरच्या वर जातं, आमच्या हॉलमधून निघून शेजाऱ्यांच्या किचनपर्यंत. त्यामुळे काटछाट करावीच लागते, पण इमारतीत काटछाट केली की लगेच खोटं दिसतं, काटछाट करायची ती दोन इमारतींमधल्या रिकाम्या जागेत. एक मात्र सांगते, झाडाच्या उंचीत कंजूषी करू नका, सगळे करतात. पंधरा-वीस मीटरचा वड या मापात १७ ते २३ सेंटीमीटर होतो, वीतभर. लोक स्टेशनशेजारी चार बोटांचा वड लावतात, तो वड नसून कोथिंबीर दिसते.

डोंगराचं म्हणाल तर ते काम मराठी माणसाला शिकवायची गरजच नाही. दिवाळीचा किल्ला केलाय ना लहानपणी? विटा-दगड रचायचे, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून टाकायचं, हातानं कडे आणि पायऱ्या काढायच्या, वर हळीव नाहीतर मोहरी पेरायची. परदेशातले लोक पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी करतात, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड टाकतात आणि वर हिरवा भुसा भुरभुरतात. तेच की हो हे! फक्त आपण चौथ्या दिवशी ते मोडतो. मी जाळीसाठी आमच्या इथल्या हार्डवेअरमधली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घेतली, वर मेडिकलमधलं प्लास्टरचं बँडेज, हाड मोडल्यावर लावतात ते, पाण्यात बुडवून टाकलं की दहा-पंधरा मिनिटांत कडक.

पण आकार आपल्या डोंगरासारखा हवा. तिकडच्या खडकाचे साचे मिळतात ते टोकदार, उभ्या भेगांचे असतात. आपला सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेकडचे सगळे डोंगर म्हणजे लाव्हाचे थरावर थर, आडव्या पायऱ्या, कडा मग उतार मग परत कडा. त्यासाठी मी थर्माकोलच्या पातळ शीट एकावर एक चिकटवल्या आणि कडा कटरनं न कापता हातानं मोडल्या, वर प्लास्टरचा पातळ हात दिला. माझ्या लेआऊटच्या मागे मिरजेजवळच्या दंडोबासारखा एक बुटका डोंगर आहे तो असाच झालाय. दुसऱ्यांदा झालाय. पहिल्यांदा लॅबमधली मोनोमरची बाटली त्याच्यावर कलंडली, ॲक्रिलिकचं ते पातळ द्रव थर्माकोलला साखरेसारखं विरघळवतं, मी धावत येईपर्यंत डोंगराला वरून खालपर्यंत आरपार विहीर पडलेली. स्प्रे पेंटनंही असंच होतं, म्हणून थर्माकोलवर आधी प्लास्टर किंवा पाण्यातला रंग, मग बाकीचं.

ऋतू कुठला ते आधी ठरवायचं. आपल्याकडे सगळे लेआऊट बारा महिने हिरवेगार असतात, का तर हिरवी पावडर विकत मिळते. आमच्या त्या पट्ट्यात पाऊस बेताचा, चार महिने हिरवं म्हणायचं तेही उगाच, बाकी सगळं पिवळं, मातकट, मुरमाड. मी जानेवारी धरला, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी उभी असते तेव्हाचा. माती खरीच वापरली, गावाकडून आणून, चहाच्या गाळणीनं चाळून, कढईत भाजून, कारण न भाजता वापरली तर तिच्यातले किडे आणि बुरशी महिन्याभरानं वर येतात. (ती कढई आता स्वयंपाकात चालत नाही, यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.) खरी काळी माती दिव्याखाली फारच काळी दिसते, म्हणून तिच्यात थोडी पांढरी रांगोळी मिसळते, लहान मापात सगळे रंग एक पायरी फिके ठेवले की नजरेला लांबचं वाटतं.

रुळाखालची खडी हा मोठा विषय आहे. बारीक चाळलेली खडी ब्रशनं स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधे बसवायची, मग फेविकॉल आणि पाणी अर्धं-अर्धं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि सिरिंजनं थेंब थेंब सोडायचं. तो साबणाचा थेंब विसरलात तर पाणी खडीवर गोळा होऊन बसतं आणि खडीसकट घरंगळत रुळावर येतं. मी खडीऐवजी हौसेनं कृष्णेकाठची वाळू वापरली, रंग अगदी हवा तसा आला, आणि चौथ्या दिवशी इंजिन घरघर करून बंद. उघडून बघते तर मोटरच्या मॅग्नेटला काळी मिशी फुटलेली. आपल्या काळ्या दगडाच्या वाळूत लोखंडाचे कण असतात ते विसरलेच होते. तेव्हापासून वाळू ताटलीत पसरून वरून चुंबक फिरवल्याशिवाय एक चिमूटसुद्धा वापरत नाही. पावसाळ्यात मात्र हे काम करू नये, फेविकॉल दोन-दोन दिवस वाळत नाही आणि पुठ्ठे वाकतात, पावसाळ्यात बसून माणसं आणि झाडं करावीत.

आता शाळूची गोष्ट. शाळूचं ताट सहा-सात फूट, म्हणजे या मापात दोन ते अडीच सेंटीमीटर. रंगाऱ्याच्या जुन्या ब्रशचे केस कापून एकेक उभा केला आणि प्रत्येकाच्या टोकाला कणीस म्हणून राजगिऱ्याचा एकेक दाणा चिकटवला, एक मिलिमीटरचा दाणा म्हणजे नऊ सेंटीमीटरचं कणीस. सहाशेच्या वर ताटं झाली, तीन आठवडे गेले, मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंग देऊन दाखवत होते. दिवाळीला दोन दिवस बाहेर गेलो आणि परत येऊन बघते तर मुंग्यांनी सगळा शाळू काढून नेला होता. ताटं जागेवर, कणीस एक नाही. नवरा म्हणाला, "सुगी झाली म्हणायची." आता कणसं वाळूच्या दाण्यांची आहेत.

आणि स्टेशन. भिंती काळ्या दगडाच्या, त्यासाठी तयार छापील कागद मिळतो पण तो लांबून बरा, जवळून वॉलपेपर. मी आमच्याच धंद्यातलं डेंटल स्टोन वापरलं, दातांचे साचे ज्यात ओततात ते, साध्या प्लास्टरपेक्षा बरंच कडक आणि कोपरे तुटत नाहीत. आधी मेणाच्या पट्टीवर दगडाचे थर कोरले, त्याचा सिलिकॉनचा साचा घेतला आणि भिंती ओतल्या. रंग काळा नाही द्यायचा, ही चूक शंभरातले नव्वद करतात. काळा दगड उन्हात राखाडी दिसतो, कुठे निळसर, कुठे शेवाळ वाळून पिवळट पांढरा, आणि चुन्याच्या दरजा. मी राखाडी देऊन वरून कोऱ्या चहासारखा पातळ काळा सोडते, तो भेगांत उतरतो, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं पांढरा नुसता टेकवायचा.

कौलं मंगलोरी. खरं कौल साधारण ४१ बाय २४ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याकडे पावणेपाच बाय पावणेतीन मिलिमीटर. मिठाईच्या नाहीतर मोबाईलच्या खोक्याचा जो बारीक नळीचा पुठ्ठा असतो त्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत तयार नागमोडी मिळते, तिच्या पाच-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या कापून खालून वर एकावर एक चढवायच्या. रंग एकसारखा लाल देऊ नका. दरवर्षी उन्हाळ्यात फुटलेली कौलं बदलतात, त्यामुळे चार नवी भडक, बाकीची काळवंडलेली, एखाद्या जागी पत्र्याचा तुकडा सरकवलेला. मी गेरू आणि चुलीतली राख वापरली, चूल अजून मामाकडे आहे म्हणून, नसेल तर उदबत्तीची चालते.

पाटीची एक गंमत. पिवळ्यावर काळी अक्षरं, वर मराठीत नाव, खाली हिंदीत नाव, मग इंग्रजीत, आणि आपल्या गावांची मराठी-हिंदी नावं बहुतेक एकच असल्यामुळे पाटीवर तेच नाव दोनदा. माझ्या घरी आलेल्या एका पाहुण्यानं मला चूक म्हणून दाखवलं! मी त्यांना म्हटलं खऱ्या स्टेशनवर जाऊन बघा. खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते, ती विसरायची नाही.

मोरीखाली मी एक छोटा आरसा लावलाय, दातांचा डॉक्टर तोंडात घालतो त्यातलाच, त्यामुळे ओढा पलीकडे जातोय असं वाटतं. ही युक्ती माझी नाही, कॅलिफोर्नियात जॉन ॲलन म्हणून एक होते, त्यांनी लेआऊटमध्ये आरसे लपवून जागा दुप्पट दाखवली, नवीन गाडी जुनी मळकी करायची कलाही त्यांनीच लोकप्रिय केली म्हणतात. १९७३ मध्ये ते गेले आणि दहा-बारा दिवसांत घराला आग लागून त्यांचा लेआऊटही जळून गेला. आयुष्यभराचं काम. आता राहिले ते फोटो. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या लेआऊटचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले.

पण मला ज्यांचं नाव तुमच्या वाचकांपुढे मुद्दाम घ्यायचंय ते वेगळेच. रॉय इंग्लंड नावाचा एक माणूस ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडमध्ये आला, तिथल्या खेड्यांतली गवती छपराची जुनी घरं त्यानं बघितली आणि त्याच्या लक्षात आलं की ही डोळ्यांदेखत चालली आहेत, कुणी छप्पर बदलतंय, कुणी पाडतंय. तो काही ती वाचवू शकत नव्हता. मग त्यानं ती मोजायला सुरुवात केली आणि फुटाला चार मिलिमीटर या मापात कार्डाची घरं करायला लागला, एकेक वीट वेगळी रंगवून. १९५४ साली ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनॅम गावात त्यानं ते मांडायला घेतलं, पेंडन म्युझियम म्हणतात, ते काम त्याच्या मागेही इतर लोकांनी चालू ठेवलं. तिथल्याच व्हेल ऑफ व्हाईट हॉर्स नावाच्या खोऱ्याचं १९२०-३० च्या काळातलं रूप तिथे आहे. रेल्वे आहेच, पण रेल्वे त्यातून जाते एवढंच, बघायचं ते घरं, परसातले वाफे, भिंतीला टेकवलेल्या सायकली. खरी घरं बदलली, काही गेली, पण त्यांना मागची भिंत कशी होती ते माहीत आहे.

आपल्याकडे हे करणारे लोक नाहीत असं नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे, ते बघून किती मुलांना नाद लागला असेल, भाचा पण आठ दिवसांपुरता तिथलाच बिघडलेला. गणपतीच्या आराशीत तर आपले लोक काय करत नाहीत, अख्खा रायगड उभा करतात, धबधबा चालू करतात आणि अकराव्या दिवशी उतरवतात. म्हणजे हात आहेत, हौस आहे, थर्माकोल कापायची अक्कल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नाहीयेत ती मापं. जुन्या स्टेशनाची, गावच्या वेशीची, गुऱ्हाळाची, जिनिंगच्या शेडची मापं कुणी घेतलेली नाहीत. आता जिकडे तिकडे स्टेशनांची नवी कामं चालली आहेत, नवी होऊ देत, प्रवाशाला सावली आणि संडास मिळाला पाहिजे यात वादच नाही, पण जुनी भिंत उतरवायच्या आधी एक दिवस कुणीतरी टेप घेऊन जावं एवढंच म्हणते.

टेपसुद्धा लागत नाही. फुटाफुटाला लाल-पांढरे पट्टे मारलेली एक काठी भिंतीला उभी टेकवा आणि समोर सरळ उभं राहून फोटो काढा, चारही बाजूंनी, कोपऱ्यातून तिरका नको. काठी नसेल तर दगडाचे थर मोजा आणि एका थराची उंची घ्या. आधी स्टेशनमास्तरांना विचारा, रुळात उतरू नका, तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. मी मामाच्या स्टेशनची मापं अशीच काढली, पण जुन्या फोटोवरून, कारण इमारत तेव्हा राहिलेली नव्हती. एका फोटोत पुढे रूळ दिसतो, तो ७६२ मिलिमीटर हे नक्की, त्यावरून फलाटाची कड, मग दार, मग सगळी भिंत. साडेतीस फूट लांब निघाली. माझ्या टेबलावर ती पावणेअकरा सेंटीमीटर आहे.

आणि आता अडचण. माझ्याकडे त्या स्टेशनचे तीन फोटो आहेत. एकात मामाच्या लग्नाचं वऱ्हाड गाडीतून उतरतंय, एकात मावसभाऊ नवी सायकल धरून उभा आहे, एक शाळेच्या सहलीचा. तिन्ही फलाटावरून काढलेले. साहजिकच आहे, स्टेशनकडे पाठ करून माणूस फोटोला उभा राहतो, स्टेशनच्या मागे जाऊन कोण काढणार? म्हणजे पुढची भिंत, तिकिटाची खिडकी, बाकडं, लाल बादल्या, सगळं मला माहीत आहे आणि मागची भिंत अजिबात माहीत नाही. मामांना विचारलं. मामा आता ब्याऐंशीचे, म्हणाले, "दोन खिडक्या होत्या, मधे काही नाही." मामी आतून ओरडली, "अहो, तीन होत्या! मी आडाचं पाणी आणायला रोज मागनं जायची, तुम्ही कधी गेलाय का मागनं?" मामा म्हणाले तिसरी म्हणजे कंदील ठेवायच्या खोलीचा झरोका, त्याला खिडकी म्हणत नाहीत. मामी म्हणाली, त्याला गज होते, मग खिडकीच. हे गेले आठ महिने चालू आहे, मी फोन केला की दोघांतला एकजण आधी हेच बोलतो.

म्हणून विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक छोटी चौकट द्याल का, की वाचकांनी आपापल्या घरातले जुने अल्बम काढावेत आणि मिरज-पंढरपूर, कुर्डुवाडी-लातूर, किंवा शकुंतलेच्या लाईनवरच्या कुठल्याही लहान स्टेशनचा, फाटकाचा, मालधक्क्याचा फोटो सापडला तर पेपरकडे पाठवावा. मी माझ्या स्टेशनचं नाव लिहिलं असतं तर फक्त त्या एका गावच्या लोकांनी अल्बम उघडले असते. मला सगळ्यांचे हवेत, आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला, सगळ्या. लग्नातले, सहलीतले, बदलीच्या निरोपाचे, कसलेही चालतील, माणसं हललेली असली तरी चालतील, मला माणसांच्या मागचं बघायचंय. आणि कुणी मागच्या बाजूनं, आडाकडून, चिंचेखालून, बैलगाडी सोडली तिथून काढलेला असेल तर तो आधी.

तोपर्यंत माझं स्टेशन लेआऊटच्या कडेला पाठ लावून उभं आहे. पुढून बघणाऱ्याला कळत नाही. मागच्या भिंतीचे दगडसुद्धा मी अजून ओतले नाहीत, नुसता पांढरा सनबोर्ड आहे, त्यावर पेन्सिलनं दोन खिडक्या काढल्यात आणि तिसरीच्या जागी प्रश्नचिन्ह.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज